पडल्यानंतरचे चाळीस सेकंद

निम्मे केस पांढरे झाले तरी घरात ती अजून धाकटीच. व्हिडिओ गेमला संगीत देणं हा तिचा धंदा. यात गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाजत नाही. खेळणारा नुसता चालत असेल तर व्हायोलिन, धोका जवळ आला की त्यात ढोल मिसळायचे. आणि त्या खेळणाऱ्या गृहस्थाचा काही नेम नसल्याने प्रत्येक वाद्याला कुठल्याही क्षणी आत येता आलं पाहिजे नि बाहेरही पडता आलं पाहिजे.

तिचे बाबा जन्मभर वाद्यं दुरुस्त करत आले. अशा माणसाला संगीतात आधी बिघाड ऐकू येतो. वीस वर्षांत त्यांनी तिच्या कामातल्या शेकडो चुका काढल्या, आणि सगळ्या बरोबर काढल्या, हीच पंचाईत. त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघावा म्हणून ती या वयातही झुरत होती. हे ती कोणाजवळ कबूल करत नसे.

या खेपेचा गेम गिर्यारोहणाचा होता. चढणारा कड्यावरून पडला की चाळीस सेकंद संगीत वाजे: एकटी क्लॅरिनेट आणि तिच्याखाली हलका चेलो. धाकटीने त्यात जीव ओतला होता. तेच नडलं. चाचणीला बसवलेली माणसं ते ऐकायला मुद्दाम पडू लागली. शिखर राहिलं बाजूला.

“लोकांना पडण्याचीच गोडी लागली तर वर कोण चढेल?” गेमचा प्रमुख म्हणाला. त्याचंही खरं होतं. तिने क्लॅरिनेट काढून टाकली, चाळीस सेकंदांचे सहा केले. एका दुपारचं काम. वाईट वाटलं, पण कापताना तिने हात आखडता घेतला नाही.

चाचणीची प्रत घरीही असे, कारण बाबा खेळत. रोज त्याच दुसऱ्या कड्यावरून पडत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बोटं, म्हणून धाकटी काही बोलत नसे. थोरली बहीण मात्र त्यांना ‘पर्वतराज’ म्हणून चिडवी. नवी प्रत आली त्या संध्याकाळी बाबा एकदा पडले, सहा सेकंद ऐकले. मग पुन्हा खेळायला घेऊन, कुठेही न चुकता, त्यांनी थेट शिखर गाठलं. विजयाचं संगीत वाजलं. त्यातला ढोल किंचित उशिरा येतो, एवढं त्यांनी सांगितलं.

थोरलीने तोंडात बोट घातलं. येत होतं तर इतके दिवस पडत कशाला होता, असं तिने विचारलं. बाबा धाकटीकडे वळले.

“ते पडल्यावरचं काढलंस?” त्यांनी विचारलं.

“काढावं लागलं, बाबा.”

“चांगलं होतं.”

मूळ तुकडा आहे माझ्याकडे, आत्ता स्पीकरवर लावते, असं धाकटी कसंबसं म्हणाली.

“तसं नको,” बाबा म्हणाले. “आधी पडायला हवं.”

तिने जुनी प्रत परत चढवली. बाबा दुसऱ्या कड्यापर्यंत नीट चढले, आणि हात सोडला.