बब्रुवानच्या दाढेतली कीड

जळकोटात कीड या विषयावर बब्रुवानपुढं कोणी तोंड उघडत नसे. कोणाच्या ज्वारीत सोंडकिडे झाले, कोणाच्या तुरीला भुंगा लागला, की तो माणूस पडेल चेहऱ्यानं याच्या दारात यायचा. हा मूठभर दाणे हातात घ्यायचा, वास घ्यायचा, आणि निकाल द्यायच्या आधी शिव्या द्यायचा. "पेवाच्या तोंडाला वल ऱ्हायली तुझ्या. डोळं काय हाटेलात ठिवून आलता का?" त्याच्या शिव्यांचा राग कोणी धरत नसे. कारण जमिनीतलं त्याचं स्वतःचं पेव उघडलं की ज्वारी काल भरल्यासारखी निघायची.

माझा आणि त्याचा बांधाला बांध, भिंतीला भिंत. त्यामुळं त्या शिव्यांतला मोठा वाटा माझाच.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी ग्रामसेवकानं कीड मारायला बियाण्याला चोळायची पांढरी विषारी पावडर आणली. बब्रुवानला ती फार पसंत पडली, पण तिच्यापायी त्यानं घरात कायदाच लावला. खायची ज्वारी पेवात, तिला पावडरीचा वाराही लागता कामा नये. बियाण्याची कणगीत, पावडर चोळून, आणि त्या कणगीकडं स्वयंपाकाच्या बाईनं बघायचंसुद्धा नाही. पावडरीच्या हातानं एका गड्यानं तंबाखू मळायला घेतली, तर हा त्याच्या अंगावर धावून गेला होता. डबा आढ्याला टांगलेला असायचा.

तर या माणसाची खालची दाढ ऐन सुगीत दुखायला लागली. आधी त्यानं ते कोणाला कळू दिलं नाही. एका बाजूनं चावायचा, मग चावायचंच बंद केलं, भाकरी दुधात कुस्करून गिळायला लागला. एका सकाळी तो गालाला हात लावून ओट्यावर बसला आणि समोरून शेळ्या कडब्यात शिरल्या तरी कोणाला काही बोलला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. त्याला तसाच उठवला आणि नळदुर्गच्या डॉक्टरकडं नेला.

डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, "दाढेला कीड लागलीय. आतून पार पोखरलीय. ती काढावी लागेल, पण ते माझं काम नाही. सोलापूरचे दातांचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. तोवर नीट सांभाळा." मग त्यांनी सावकाश सांगितलं, एका अडाण्याला नाही तर दोन अडाण्यांना सांगावं तसं. कोमट पाण्यात मीठ टाकून चुळा भरायच्या. गोळी काहीतरी खाऊन पाण्याबरोबर गिळायची, मी सांगतो तेवढीच, आणि दाढेवर ठेवायची नाही, हिरडी भाजते. गालाला बाहेरून गार फडकं, गरम शेक अजिबात नाही. उशाला उंच घेऊन झोपायचं. दाढेत भलतंसलतं काही कोंबायचं नाही. "आणि सूज गळ्याकडं उतरली, ताप भरला, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला जड जायला लागलं, तर सोमवारची वाट बघू नका. मिळेल त्या गाडीनं सोलापूरचा मोठा दवाखाना गाठा. त्यानं माणूस जातो."

बब्रुवान मान हलवत होता. मला वाटलं, ऐकतोय. पण परत येताना मोटारीत तो गाल धरून मला म्हणाला, "श्रीमंता, कीड हाय म्हनं."

"व्हय."

"मंग सोलापूरला कशाला जायाचं?"

दुखण्यापायी बरळतोय असं समजून मी लक्ष दिलं नाही.

दिवस कलताना त्याच्या बायकोनं, लक्ष्मीवहिनींनी, भिंतीवरून हाक मारली. "भावजी, आधी हिकडं या!" जाऊन बघतो तर हा पठ्ठ्या गोठ्यामागं बसलेला. मांडीवर पावडरीचा डबा, चिमटीत कापसाचा बोळा, आणि तो बोळा पांढराफेक.

"अरं ए, टाक ते!" मी ओरडलो.

"तू गप. डाक्टर काय म्हनला? कीड म्हनला. कीड कशानं मरती ते त्याला ठावं न्हाय, मला ठावं हाय." त्याच्या डोळ्यांतून दुखण्यानं पाणी गळत होतं. मी हात धरायला गेलो तर त्यानं मला असा ढकलला की मी शेणात बसलो. त्यानं तोंड उघडलं.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "जरा थांबा. यक इचारायचं हुतं. पेव काय आज उघडत न्हाय. कणगीतली जवारी दळायला घिऊ का?"

बोळा तोंडाजवळ, तरी हा भडकलाच. "येड लागलं का तुला? ती बियाण्याची हाय! पौडर हाय तिला. खायाची न्हाय म्हनून कितींदा सांगायचं?"

"मंग तुमचं तोंड बियाण्याचं हाय, का खायाचं?"

बब्रुवान त्यांच्याकडं बघत राहिला, मग बोळ्याकडं. मी शेणातून उठलोसुद्धा नव्हतो. शेवटी त्यानं बोळा हळूच खाली ठेवला. वहिनींनी त्याचे हात साबणानं घासघासून धुवून घेतले, बोळा लांब नेऊन पुरला, आणि डबा माझ्या घरी पाठवून दिला.

त्यानंतर घरात डॉक्टरांचंच राज्य. मिठाच्या चुळा, खाल्ल्यावर गोळी, गालावर गार फडकं, पाठीशी गोधड्यांचा ढीग. ठणका मेला नाही, पण माणसात राहण्याइतका उतरला. गल्लीतला धुळाप्पा बिबा तापवून घेऊन आला, गालाला चटका देतो म्हणाला. बब्रुवाननं नकाराची मान हलवली आणि बंद ओठांतून म्हणाला, "खायाचं हाय." धुळाप्पाला काही कळलं नाही. तो बिबा घेऊन परत गेला.

एवढं सगळं पाळूनही रविवारी दुपारी सूज जबड्याखाली उतरली. अंग तापलं. वहिनींनी पाणी दिलं तर ते ओठांतून परत आलं. मी म्हणालो, "उद्या सोमवारच हाय, वहिनी. येवढी रात काढू."

"डाक्टर 'गिळता आलं न्हाय तर' म्हनले, भावजी. रात काढा म्हनले न्हायती."

आणि त्या डोक्यावरचा पदर घट्ट करून सडकेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. हैदराबादकडून येणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिव्या देत खाली उतरला, आणि बब्रुवानचा चेहरा बघून त्यानंच त्याला धरून पुढच्या सीटवर बसवलं. आम्ही मागं पोत्यांवर.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. सूज फोडली, इंजेक्शनं दिली. आम्ही व्हरांड्यात. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, तेव्हा बघितलं. म्हणाल्या, "ह्यांच्या वरडण्याचा मला लई तरास हुतो, भावजी. पर घरात कोन वरडलं न्हाय तर म्या काय करू?" मी नुसता शेजारी बसून राहिलो.

सकाळी नर्सनं बोलावलं. बब्रुवान उठून बसला होता, हातात पाण्याचा पेला. आमच्यादेखत त्यानं एक घोट घेतला. तो गळ्याखाली उतरला. मग दुसरा. पाणी पिणाऱ्या माणसाकडं बघून इतकं हायसं वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सूज बसल्यावर दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. बब्रुवाननं ती मागून घेतली, उजेडात धरली, उलटीपालटी केली. "कीड कुठाय?"

डॉक्टर हसले. "चालणारी कीड नसते हो ती. दात आतून सडतो, त्यालाच कीड लागली म्हणतात."

"मंग सडला म्हना की! उगं कीड कीड करून मानसाला घोर लावता!"

एवढं बोलला आणि वहिनींनी पदरात तोंड लपवलं. मला त्या हसताना दिसल्या.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला आणि सोलापूर सुटायच्या आत झोपला. डोकं कलत कलत वहिनींच्या खांद्यावर आलं. गाडीत आमच्याकडची ओळखीची माणसं होती, सगळी वळून बघायला लागली. चारचौघांत नवऱ्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसायची रीत आमच्याकडं तेव्हा नव्हती. मी उठवायला हात पुढं केला, तर वहिनींनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

जळकोट आलं. कंडक्टर घंटी मारून ओरडला, "जळकोटवाले, उतरा चला!"

वहिनी म्हणाल्या, "वरडू नका, दादा. मानूस झोपलंय."

आणि आख्खी गाडी थांबून राहिली.