चषकावरची सहा नावं

प्रकाशा गावच्या धनुबाईला कुणाचं काही अंगावर ठेवलेलं खपत नसे. शेजारणीने वाटीभर साखर दिली तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ते ती नवऱ्याकडून, सुकलालकडून वाचून घेई आणि त्या घरच्या कार्याला तसंच भांडं पोचतं करी. गाव तिच्या या खोडीला हसे आणि वचकूनही असे.

१९६० साली तिच्या चुनीलालने घरी चांदीचा चषक आणला. चुनीलाल विमान चालवायचा. तापीकाठच्या गुजर पाटलाचा पोरगा कापूस-केळी सोडून आभाळात गेला याचंच गावाला केवढं नवल, त्यात हा चषक वैमानिकांच्या संघाचा, दरसाल देशभरातून एकालाच मिळणारा. पुराने वेढलेल्या गावांवर, भर पावसात डोंगरांच्या मधून खाली येऊन त्याने तांदळाची पोती टाकली होती. चषक वर्षभर विजेत्याकडे राहायचा, मग पुढच्याकडे जायचा. धनुबाईने तो देव्हाऱ्याशेजारी मांडला. येईल त्याला दाखवून दाखवून तिने वर्ष काढलं.

त्यावर हिंदीत सहा नावं कोरलेली होती. शेवटचं चुनीलालचं. वरची पाच तिने रिवाजाप्रमाणे आहेर करणाऱ्यांचीच धरली. पाच जणांनी मिळून पोराला एवढं चांदीचं भांडं द्यावं आणि आपण साधं टोपी-टॉवेलही देऊ नये, हे तिला कसं पटावं? पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी चुनीलाल चषक परत न्यायला आला, तेव्हा ओसरीवर पाच टोप्या, पाच टॉवेल आणि पाच नारळ मांडून ठेवलेले.

"यासना पत्ता सांग," ती म्हणाली.

चुनीलाल हसला. "माय, ह्या देनारा नहीत. ह्या मन्हा पहिले जिंकेल शेतस."

"मंग काय झाये? आखाजीले जेवाले बलाव त्यासले."

आईशी खोटं बोलणं चुनीलालला कधी जमलंच नव्हतं. "त्या नहीत आते," तो म्हणाला.

मग तिने एकेकाचं विचारून घेतलं. पहिला काविळीने गेला. दुसरा धुक्यात डोंगरावर आदळला, तिसरा समुद्रात पडला. चौथा टोळधाडीवर औषध फवारताना विजेच्या तारेत अडकला. पाचव्याने स्वतःच्या हाताने चषक चुनीलालला दिला होता. तो त्याच पावसाळ्यात गेला. ज्याचं नाव चषकावर येई त्यालाच पुढची अवघड कामं सांगत, आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटे. याच भांड्याचे धनुबाईने गावभर पेढे वाटले होते.

"सोडी दे ती नोकरी," ती म्हणाली.

"नही माय. लोके म्हनतीन, घाबरी गया."

त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. सुकलाल तसाच जेवला.

आखाजीच्या दिवशी पितरांची घागर भरली. सुकलाल उंबऱ्याशी विस्तवासमोर बसून वाडवडलांच्या नावाने आगारी टाकत होता. एकेक नाव घ्यायचं आणि तुपातला पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर ठेवायचा. घरातली नावं झाली तशी धनुबाईने चषक आणून त्याच्यापुढे ठेवला.

"यासना नावनी बी टाका. पोरे व्हतात. त्यासनं कोनी करस का नही, कोनले माहीत."

सुकलाल तिसरीपर्यंत शिकलेला. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचायचा; सगळा जीव अक्षरांत, अर्थ मागाहून. पहिलं नाव, घास. दुसरं नाव, घास. तिसरं, चौथं, पाचवं.

"चुनीलाल सुकलाल पाटील," त्याने वाचलं आणि घास निखाऱ्यावर ठेवला.

तूप चरचरलं. आपण काय केलं हे सुकलालला तेव्हा कळलं. दारात उभा चुनीलाल जागीच थिजला. जिवंत पोराची आगारी, तीही बापाच्या हातची. असलं काही कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

धनुबाईने विस्तवात हात घातला आणि घास बाहेर काढला.

"हाऊ जित्ता शे," ती विस्तवाला म्हणाली.

तिच्या बोटांना खोबरेल लावताना चुनीलालने मान वर केली नाही. "सोडस मी नोकरी," तो म्हणाला.

त्याने शब्द पाळला. मुंबईला जाऊन चषक दिला, राजीनामा दिला आणि परत आला. पोरगं घाबरलं असं लोक म्हणालेच. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तो केळीच्या बागेत राबू लागला. धनुबाईला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पण तो आला त्याच दिवशी, हाताला चिंधी बांधलेली, तिने त्याला विचारलं, "मंग आते त्यावर कोनं नाव उनं?"

चुनीलालने सांगितलं. त्याच्याच बरोबर शिकलेला एक बंगाली मुलगा होता.

"त्याले माय शे?"

"शे."

हात भाजला तेव्हा धनुबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली, आणि कुणाच्या समजावण्याने गप्प होईना.