एक पाय पायरीवर

येरमाळ्याला एसटी चहासाठी थांबायची. दर सोमवारी कळंबच्या शाळेत जाताना गाडीत एक म्हातारबाबा भेटायचे. भर उन्हात अंगात जाड लोकरी कोट. थांब्यावर आम्ही सगळे हॉटेलात बसायचो. हे मात्र एक पाय जमिनीवर, दुसरा गाडीच्या पायरीवर ठेवून बशीतला चहा फुंकत उभे.

एकदा मी म्हणालो, "काका, बाकड्यावर बसा की."

"न्हाय मास्तर. थोरल्यानं विलायत बघाया बोलावलं, तवा ह्यो कोट शिवला. वाटंत जहाज एडनला थांबलं. म्या चहाला उतरलो. भोंगा ऐकला, पर अर्धी बशी उरली हुती. ती पिऊन बंदरावर जातो, तर जहाज गेलेलं!"

"मग?"

"मग काय, दुसऱ्या जहाजानं मुंबई."

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी चुकू नये म्हणून यांचा पाय पायरीवर, हे मला आता कळलं. पण बाबांनी निवांत उरलेला चहा बशीत ओतला.

"बाबा, पाय आत घ्या! गाडी खोळंबलीय!" कंडक्टर ओरडला.

बाबा माझ्याकडं बघून हसले. "ते जहाज लांब पाण्यात उभं हुतं, मास्तर. असा पाय ठेवाया मिळाला असता, तर गेलं असतं व्हय?"