रंभाबाईंच्या बोडीतला पाणमोर

रंभाबाईंबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याविषयी फार थोडं ठाऊक आहे. माहेर कुठलं, हे मी कधी विचारलं नाही. यजमानांचं नावसुद्धा, बाई गेल्यावर आलेल्या पत्रावर पहिल्यांदा वाचलं. तीन वर्षं बहुतेक रविवारी मी त्यांच्या बोडीवर जाऊन बसायचो. माझं येणं त्यांना आवडायचं की नाही, तेही नक्की सांगता येणार नाही.

कोराडीच्या वीज केंद्रात कारकुनी करून मी निवृत्त झालो. पस्तीस वर्षं टेबलावरची राख पुसली. कुहीकडे एका लग्नाला गेलो होतो, परतीची बस चुकली, आणि उगाच चालत चालत त्या बोडीशी पोहोचलो. बोडी म्हणजे धानाला पाणी मिळावं म्हणून पाळ घालून अडवलेलं लहान तळं. ही बोडी आणि लगतची दीड एकर पाणथळ रंभाबाईंच्या नावावर होती. यजमान गेल्यावर त्यांनी ती पाणथळ नांगरलीच नाही. गवत वाढू दिलं, जाळं टाकू दिलं नाही. शिंगाडे लावायच्या तेही अर्ध्या पाण्यात. उरलेलं अर्धं पाखरांचं. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "येऊन राहिले तर येऊ द्या. आपलं काय नेते?"

सकाळी पाण्यावर धुकं असायचं. त्यातून आधी आवाज यायचे, पक्षी मागाहून. अडया, म्हणजे रानबदकं, शीळ घालत उतरायच्या. लांब शेपटीचा पाणमोर शिंगाड्याच्या पानांवरून चालत जायचा, आणि पान बुडायचं नाही. पाहता पाहता मला आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासं व्हायचं. रंभाबाई मधूनच ओरडायच्या, "काहून गा साहेब, झोपले का?"

दोन वर्षांपूर्वी भादव्यात पाऊस दडी मारून बसला. खालच्या अंगाला त्यांचे दीर गणपतराव यांचा धान होता, ऐन गर्भावर आलेला, म्हणजे लोंब्या फुटायच्या बेतात आणि पाण्याला आसुसलेला. तेव्हा बोडीत पाणमोराचं घरटं होतं, तरंगत्या पानांवर चार अंडी. पाणी उतरलं की पानं चिखलाला टेकणार आणि कुत्रे अंडी खाणार. म्हणून गणपतराव वहिनीसाठी बोडीचं पाणी सोडायचं आठ दिवस थांबायला कबूल झाले होते.

त्या रविवारी मी चूक केली. पाणमोराची जोडी मी आधी पाहिली होती. आता एक पक्षी दिसेना, दुसराही घरट्यावरून उठून गेलेला. चहाच्या टपरीवर मी शहाण्यासारखं बोलून गेलो, "मादी घरटं टाकून गेली. अंडी वाया गेली."

बाजूला गणपतराव होते. "खरं सांगता का गा, साहेब?" म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

मी परत आलो तोवर गणपतरावांनी बोडीची मोरी, पाळीतलं पाणी सोडायचं तोंड, उघडली होती. पाणी वीतभर उतरलं होतं, घरटं एका बाजूला कललं होतं, आणि रंभाबाई धावत येत होत्या.

"कोणं म्हटलं टाकून गेली? बाई अंडे देऊन फिराले गेली. बुवा बसते ना अंड्यावर!"

"वयनी, या साहेबांनीच सांगतलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही आपल्या घरचे लेकरं कधी सांभाळले नाही वाटते."

खरंच सांभाळली नव्हती.

"पण वयनी, धान गर्भावर आहे माहा. जळून जाईन."

"मोरी बंद करा. पाणी तुमाले भेटते."

त्यांनी फावडं घेतलं आणि वरच्या आपल्या स्वतःच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, धुरा फोडला, तो मातीचा बांध. धानात साठवून ठेवलेलं पाणी खळखळत दिराच्या शेतात उतरू लागलं. गणपतराव घाबरले. "वयनी, तुमच्या धानाचं काय?"

"तो माहा आहे. त्याले मी पाहीन."

थोड्या वेळाने पाणमोर आला. कललेल्या घरट्याभोवती फिरला, चोचीने एकेक अंडं सारखं केलं आणि वर बसला.

पिल्लं तीन निघाली. मोठ्या पायांची, पानांवर धडपडत चालणारी. पाऊस मात्र आला नाही. दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा गणपतरावांचा धान वाकला होता, आणि रंभाबाईंच्या लोंब्या पोचट, ताठ उभ्या होत्या. त्यानंतर माझं जाणं झालं नाही आणि त्या हिवाळ्यात बाई न्यूमोनियाने गेल्या, म्हणजे ती आमची शेवटची भेट.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी माझ्या बोलण्यामुळे..."

"शिंगाडे उकडले आहेत. नेता का?"

"नेतो."

"डबा आणला?"

"नाही."

"मंग रुमालात बांधा. पुढच्या रविवारी डबा आणजा."

"आणतो," मी म्हणालो.