माफी एकदाच

हे मी आजवर प्रार्थनेतसुद्धा उच्चारलेलं नाही. देवाला सगळं ठाऊकच असतं, मग वेगळं काय सांगायचं — असं म्हणून टाळत आलो. पण खरं सांगू? त्याच्यापुढे तोंड उघडायची मला भीती वाटते. ओळखीच्या माणसांपुढे तर त्याहून जास्त. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो आहे. शेवटपर्यंत जमेल का, तेही सांगता येत नाही.

मी नागपूरकडच्या शहापूरला राहतो. हायस्कुलात इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. आमची ख्रिस्ती मंडळी लहान — थोडी घरं, पत्र्याची एक खोली, रविवारची उपासना. पाळकसाहेब नागपूरहून येतात, पण दर रविवारी नाही. ते नसले की शास्त्र उघडून दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे. 'सरांचं वाचन दांडगं' असं लोक म्हणतात. आहेच. थोडं कमी असतं तर एक माणूस सुखाने गेला असता.

काय वाचायचो मी? बायबल कसं जमत गेलं, ते. लहानपणी मला वाटायचं, हे पुस्तक बांधणीसकट वरून खाली आलं असणार. तसं नाही. सुरुवातीच्या शतकांत मंडळ्यांमधून कितीतरी लिखाणं फिरत होती — पत्रं, दृष्टांत, प्रेषितांच्या नावावर खपवलेल्या कहाण्या. काही आत आली, काही बाहेर राहिली. बाहेर राहिलेली सगळी टाकाऊ होती असंही नाही. त्यातलं एक तर लोकांना इतकं आवडायचं की काही ठिकाणी ते शास्त्राच्या बरोबरीने वाचलं जायचं. रोममधल्या एका माणसाचं, जो पूर्वी गुलाम होता. त्याला मेंढपाळाच्या वेशात देवदूत भेटतो आणि चार गोष्टी शिकवतो. पुढे काहींनी ठरवलं, की हे घरी खुशाल वाचा, भल्याचं आहे, पण सभेत शास्त्र म्हणून वाचू नका.

बाप्तिस्म्याने, म्हणजे पाण्यात बुडवून घेतलेल्या दीक्षेने, आधीची सगळी पापं धुतली जातात; त्यापुढचा एक नियम त्या लिखाणात येतो. बाप्तिस्मा घेतल्यावर माणूस पुन्हा घसरला, तर त्याला पश्चात्तापाची संधी आहे — एकदा. एकदाच.

हा नियम मी एका माणसाला सांगितला. म्हणजे — नुसता सांगितला असता तर आज हे बोलायची वेळ आली नसती.

त्याचं नाव सुदाम. राहणारा कारध्याचा. पिढ्यानपिढ्या नदीत आणि तळ्यांत जाळं टाकणारं घर. दारू इतकी प्यायचा की बायको, कौसल्या, पोराला घेऊन माहेरी निघून गेली होती. मग कोणाच्या तरी सोबतीने तो आमच्या खोलीत येऊन मागे बसायला लागला. हळूहळू दारू सुटली. कौसल्या परत आली. दोघांनी एकाच सकाळी वैनगंगेत बाप्तिस्मा घेतला. ज्या पाण्यात जन्म गेला, त्यातूनच सुदाम वर आला आणि हुंदके देऊन रडला. मी काठावर टॉवेल घेऊन उभा होतो. मलाही भरून आलं होतं, हे खोटं नाही.

पुढच्या वर्षी एका लग्नात तो पुन्हा प्यायला. रविवारी स्वतःच सगळ्यांपुढे उभा राहिला आणि सांगून मोकळा झाला. कोणी त्याला बोल लावला नाही. बायका रडल्या, पुरुषांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि मग काही महिन्यांनी त्याच्या मोठ्या भावाची तेरवी झाली, तेव्हा परत. या वेळी मात्र त्याची उभं राहायची हिंमत झाली नाही. भर दुपारी माझ्या घरी आला. चपला हातात घेऊन ओसरीच्या कडेला बसला. म्हणाला, "सर, पुन्हा झालं."

तुम्ही काय म्हणाला असता? काहीही म्हणाला असता — मी म्हणालो त्याहून ते बरंच असतं.

मी म्हणालो, "सुदाम, बाप्तिस्म्यानंतर माफी एकदाच असते. ती तू आधीच घेऊन बसलास."

तो हळूच म्हणाला, "पण सर, सत्तर वेळा सात म्हणते ना?"

भावाला किती वेळा क्षमा करायची, या प्रश्नाला बायबलमध्ये मिळालेलं ते उत्तर. आमच्या पोरासोरांनाही पाठ असतं. त्यालाही आठवलं. मला तिथेच थांबता आलं असतं. मी म्हणालो, "ते माणसाने माणसाला करायच्या माफीचं आहे. देवाचं वेगळं."

माझ्या मांडीवर बायबल होतं. त्याने त्याच्याकडे बोट केलं. "याच्यात लिवलं हाये?"

मी म्हणालो, "हो."

नव्हतं. शास्त्रात धाक घालणारे शब्द आहेत, नाही असं नाही, पण मी सांगितला तो हिशोबी नियम त्या बाहेरच्या लिखाणातला होता. आणि त्याहून वाईट — तोही मी उलटा करून सांगितला. त्या काळी कितीजण म्हणत, बाप्तिस्म्यानंतर पाप केलं की संपलं, माफीच नाही. त्यांच्या भीतीवर उतारा म्हणून त्या रोमच्या माणसाने लिहिलं होतं, की घाबरू नका, अजून एक दार उघडं आहे. धीर देण्यासाठी लिहिलेली गोष्ट मी भीती घालायला वापरली. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तर 'हो' म्हणताना मी त्याच्याकडे न बघता अंगणाकडे बघितलं.

का केलं असं? कित्येक वर्षं मी स्वतःला एकच उत्तर देत आलो — त्याच्या भल्यासाठी. भीती बसली तर दारू सुटेल. आणि सुटलीही. त्या दुपारनंतर त्याने थेंबाला हात लावला नाही. मग माझं चुकलं कुठे?

पण हे खरं कारण नव्हे. खरं कारण सांगायची मला लाज वाटते, भीतीपेक्षाही लाज. लोक सुदामवर जीव टाकायचे. कोणाचं लेकरू तापाने फणफणलं की निरोप त्याला जायचा, मला नाही. माझं बोलणं ऐकताना माणसं जांभया द्यायची. तो उठून आपल्या तोडक्यामोडक्या बोलीत प्रार्थना करायचा आणि खोलीत कोणाचे डोळे कोरडे राहायचे नाहीत. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि मान कोणाला? ज्याला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, त्याला. मी जळत होतो, दुसरं काही नाही. त्या दुपारी तो माझ्या ओसरीवर मान खाली घालून बसला, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर तो विझत गेला. उपासनेला यायचा, पण दाराशी बसायचा. प्रार्थनेला उठेना. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळे वाटून घेतात ती, भाकर आणि पेला त्याच्यापर्यंत आला की हात न लावता पुढे सरकवायचा. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखात आहे. कौसल्येने मला एकदा सांगितलं, "सर, ते दिवसभर बायबल धरून बसते. अक्षर अक्षर लावून काही तरी ढुंढत रायते. काय ढुंढता म्हटलं त सांगत नाई." तो काय शोधतो आहे, हे मला एकट्याला ठाऊक होतं. ते त्याला सापडणार नाही, हेही. आणि सापडत नाही यात त्याला स्वतःच्याच वाचण्याची चूक वाटणार — सर खोटं बोलले असतील, असं त्याच्या मनात यायचंच नाही.

मग त्याचं पोट फुगायला लागलं. जुन्या दारूने लिव्हर आधीच खाल्लं होतं. दवाखाना झाला, नागपूर झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पाळकसाहेब त्याला प्रभुभोजन द्यायला कारध्याला आले आणि मला सोबत घेऊन गेले. नाही म्हणायला निमित्त सुचलं नाही.

पाळकसाहेबांनी पेला पुढे केला. सुदामने मान हलवली. "मले नाई चालत. मायी माफी होऊन गेली."

"कसली माफी?" पाळकसाहेबांनी विचारलं.

त्याने नियम सांगितला. अगदी मी सांगितला होता तसाच. पाळकसाहेब त्याचा हात धरून म्हणाले, असं शास्त्रात कुठेही नाही, कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? सुदामने माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे मान वळवली. त्याचे डोळे पिवळे झाले होते. त्यांत राग नव्हता, हे मला अजून सहन होत नाही. आशा होती. तो म्हणाला, "सर, तुमाले मालूम हाये. तुमी सांगा ना, लिवलं हाये का नाई?"

'नाही' म्हणायचं होतं, एवढंच. माझं चुकलं, असंसुद्धा म्हणायची गरज नव्हती. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर त्याने पेला घेतला असता. पण पाळकसाहेब समोर होते. कौसल्या होती. सरांनीच हे सांगितलं, हे तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं असतं.

मी म्हणालो, "पाहून सांगतो."

पाळकसाहेबांना तो माझा विनय वाटला असावा. सुदामने डोळे मिटले. पेला तसाच परत गेला. त्याच आठवड्यात तो वारला. शांतपणे गेला, असं आम्ही सभेत म्हटलं. तो शांतपणे गेला नाही. भीत भीत गेला. कौसल्येचा हात धरून एकच विचारत होता, तिकडे कोणी आत घेईल का, म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, माणूस गेला, गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण भीती घरात राहून गेली. पाळकसाहेब नाही म्हणाले, पण सरांनी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच कौसल्येने धरून ठेवलं; आता तीही पेला पुढे सरकवते. कधी रागाच्या भरात कोणाला बोलली असेल, तेवढ्यावरून. आणि तिचा मुलगा पंकज — वरठीच्या कारखान्यात आहे, मोटारसायकलने येणंजाणं करतो — त्याला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, आणि ती घेऊ देत नाही. जवान पोरगा, उद्या पाय घसरला तर? एकच माफी, ती विशीत संपली तर पुढे काय? पण हायवेवरच्या ट्रकांची धास्तीही तिला आहेच. बाप्तिस्म्याशिवाय गेला तर? दोन्हीकडून ती भिते. मी इतिहासात वाचलं होतं, की याच धाकाने त्या काळची माणसं, रोमच्या बादशहासकट, बाप्तिस्मा मरणाच्या खाटेपर्यंत लांबवायची. वाचताना हसू आलं होतं. तेच आता कारध्याच्या एका घरात चाललं आहे, आणि ते मी पेरलेलं आहे.

मलाही भीती वाटते. आधी वाटायचं, सगळ्यांना कळेल याची. आता वेगळीच वाटते. नियम खोटा आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत? तरी मनात येतं — खरा असला तर? माझी एक माफी तर तरुणपणीच केव्हातरी संपली असेल. अशी भीती मी एका साध्या माणसाच्या उरावर ठेवली, आणि माझं जेवणखाण, झोप, रविवारचं बोलणं सगळं नीट चालू राहिलं.

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर कौसल्या पंकजला घेऊन माझ्याकडे आली. पाळकसाहेब नव्हते. ती म्हणाली, "सर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा, पोरानं आत्ता घ्यावं का थांबावं?" पंकज बाजूला उभा होता, बापासारखाच, चपला हातात घेऊन. आम्ही तिघेच होतो. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, अडवणारंही नव्हतं.

मी म्हणालो, "थांबलेलं बरं." आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.