बीजगणिताच्या झेरॉक्समधल्या सूचना

शकुन-बिकुन, संकेत वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चाकणला एका ऑटोपार्ट कंपनीत मी क्वालिटीला आहे. माप चुकलं तर का चुकलं ते शोधणं हेच माझं रोजचं काम. तरीही हे लिहितेय...

एमबीएच्या प्रवेश परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि माझं बीजगणित अगदीच कच्चं. ऑनलाइन सराव शोधून थकले — एकतर फारच सोपा, नाहीतर उत्तरंच नाहीत. शेवटी निगडी बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांनी एक स्पायरल केलेला संच दिला. "कुठल्या क्लासचा आहे माहीत नाही मॅडम, पण गणितं भरपूर आहेत."

पुनावळ्याला घरी येऊन सोडवायला बसले. काही गणितांशेजारी कुणीतरी हाताने लिहिलेल्या सूचना होत्या, त्याही झेरॉक्समध्ये उतरलेल्या. पहिली मी गणित झाल्यावर वाचली — 'कंस सोडवताना चिन्ह विसरशील. उणे सात येईल.'

माझं उत्तर उणे सातच होतं.

आधी हसले. चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा समीरला, माझ्या नवऱ्याला, शेजारी बसवलं. सूचनांवर कागद धरून तो फक्त गणित दाखवायचा. एकदा कागद उचलून त्याने सूचना वाचली आणि माझी वही ओढून घेतली.

"काय लिहिलंय?"

"घाईत दोनने भागायचं राहील."

राहिलं होतं.

"अगं, सगळेच ह्या चुका करतात," तो म्हणाला. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एकतिसाव्या पानावर आले. साधं वर्गसमीकरण. शेजारी त्याच अक्षरात — 'हे राहू दे. आधी आईला फोन कर.'

आई लातूरला एकटी राहते, तिला शुगर आहे. दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"आई, बरी आहेस ना?"

"काय की गं... काही सुधरंना गेलंय. तू... कोण बोलतीस?"

मी तिला बोलतं ठेवलं आणि समीरने तिच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला. त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून बरं. साखर फार उतरली होती. काकूंनी साखरपाणी पाजलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, म्हणाले डॉक्टर.

लातूरहून परतल्यावर मी तडक झेरॉक्सच्या दुकानात गेले. काकांनी मूळ प्रत काढून दिली. एकतिसावं पान... नुसती गणितं. सगळ्या संचात हाताचं एक अक्षर नाही.

माझी प्रत बघून काका म्हणाले, "मशीन आपल्या मनाने काही छापत नाही हो."

परीक्षा दिली, बीजगणितही बऱ्यापैकी गेलं. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. संचाची शेवटची नऊ पानं मी अजून उलटलेली नाहीत. समीर म्हणतो टाकून दे, पण तेही धाडस होत नाही.

आई मात्र फोनवर अधूनमधून विचारते, "बघ की गं एकदा. काही लिहिलेलं असंल तर?"