कप्तान बसमध्ये चढत नाही

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी जुन्या जहाजांवर लिहीत होतो. एक मालवाहू जहाज बुडालं, कप्तान वाचला, इथवर कागदपत्रं सांगत होती. पुढं त्या माणसाचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हात धुऊन मागे लागलो, तेव्हा तो सापडला कुठं, तर नागपुरात! समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो कोस दूर.

इतवारीच्या बसथांब्यावर गाठलं. हातात भाजीची पिशवी, पाठ ताठ. म्हातारा म्हणाला, "लेकीकडं नंदनवनले जाऊन राहिलो. बसमध्ये बोलू."

बस आली. यानं दाराशी उभं राहून बायकांना, पोरांना, बोचकीवाल्यांना हात देऊन वर चढवलं. बस भरली, गेली. आम्ही खालीच. दुसरीही तशीच गेली. तिसरीला मी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात एक बाई धावत आली आणि यानं मलाच दंडाला धरून बाजूला केलं.

"बाबा, रोज काहून मागं राहता? चढा ना आधी!" बाई वरून ओरडली.

उन्हानं माझं टाळकं आधीच तापलेलं. मीही ओरडलो, "अहो, एकदा तरी आधी चढा की!"

तिसरी बसही निघाली. तिच्याकडं बघत तो म्हणाला,

"चढलो होतो गा एकदा. जहाज बुडून राहिलं होतं, अन् होडीत मी सगळ्यांच्या आधी चढलो."

पुढची बस आली. त्यानं पिशवी माझ्या हाती दिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मी पिशवी धरून त्याच्या मागे थांबलो.